माळ घातलेला कोपरा

मंगळवारपासून बेनेडिक्ट धड कुठे बसला नव्हता. जेवायला टेकायचा, पण चौथ्या घासाला उठून अंगणात जायचा आणि आभाळाकडे बघून यायचा. "आभाळ काय पळून जातंय का? जेवण निवतंय ते बघ," ज्युलिया म्हणायची. तो परत यायचा, दोन घास खायचा, की पुन्हा उठायचा. सहासष्ट वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही. पण ज्याचं भात पिकून उभं आहे आणि वर काळे ढग फिरताहेत, त्याने शोभेचं काय बघायचं?

भात तरी केवढं? गोराईच्या खाडीपासून दोन बांध आत, सहा गुंठे. बाकी सगळ्या जमिनीत झेंडू. एके काळी या गावात घरागणिक भात व्हायचं. मग कोणी बंगला बांधून भाड्याने लावला, कोणी लग्नाचा हॉल केला, कोणी काहीच केलं नाही आणि तिथे कमरेएवढं गवत माजलं. आता भात लावणारा बेनेडिक्ट एकटाच उरला होता. आगेरा म्हणजे इथल्या ख्रिस्ती गावांचा नव्या भाताचा सण. त्या रविवारी फादर शेतात येतात, पहिली पेंढी स्वतः कापतात आणि वाजतगाजत ती चर्चमध्ये नेतात. तोवर शेतातल्या एका काडीलाही विळा लावायचा नाही. पहिली मूठ देवाची, मग माणसांची. हे गावात कोणी कोणाला शिकवत बसत नाही. लहानपणी एकदा कानाखाली बसते, तेवढ्यावर जन्म निघतो.

गेल्या वर्षी खाडीकडचा बांध फुटला, भरतीचं खारं पाणी शिरलं आणि भात उभ्या उभ्या करपलं. चर्चच्या समितीवरच्या पास्कूने वसईहून विकतची पेंढी मागवली. ती उभी राहीना, म्हणून कोणीतरी रंगाची रिकामी बादली आणली. फादरनी बादलीतली पेंढी कापली, बँड वाजला, फोटो निघाले. बादलीच्या कडेला निळ्या रंगाचे ओघळ तसेच होते. बेनेडिक्ट मागे उभा राहून बघत होता. घरी येताना तो बायकोला एवढंच म्हणाला, "बादलीतलं कापलं."

हे वाक्य त्याने पुढे वर्षभर किती वेळा म्हटलं ते ज्युलियालाच माहीत. जानेवारीत त्याने बांध घालायला घेतला. मजूर मिळेना, मिळाला तर चिखलात उतरेना. गुडघे दुखत होते तरी तो एकटा मातीच्या पाट्या टाकत राहिला. मे महिन्यात बांध उभा राहिला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. ती अजूनही वळत नाहीत.

आणि यंदा भात आलं. परवाच्या पावसाने खालच्या बाजूला थोडं लोळलं, पण वरच्या बांधाकडचा कोपरा ताठ होता. लोंब्या भरून खाली झुकलेल्या. फादरसाठी तोच कोपरा त्याने मनात धरला होता.

अडचण एकच होती. रविवारी आगेरा आणि शनिवारी इयानची जत्रा.

इयान त्याचा मुलगा. अंधेरीला नोकरी, रोज लाँचने खाडी ओलांडून जाणार, रात्री येऊन झेंडूला पाणी देणार. मुलगा वाईट नव्हता, पण डोकं स्वस्थ नव्हतं. दसरा गुरुवारी झाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला कुत्रं विचारत नाही, ते दिवाळीपर्यंत. झाडावर तर फुलं लगडलेली. तेव्हा त्याने आणि त्याच्या बायकोने, फ्रेडाने, शक्कल काढली: शहरातल्या लोकांनी पोरंबाळं घेऊन शेतावर यावं, हाताने फुलं तोडावीत, टोपली भरून न्यावी. पोरांना झोपाळा, ससे, कुंभाराचं चाक, चिखलात उड्या.

"फुलं तोडायला लोक पैसे देणार?" बेनेडिक्टने विचारलं होतं. "इथे आपण पैसे देऊन तोडायला माणूस शोधतो, तर मिळत नाय."

"देणार, डॅडी. दीडशे जणांनी नावं दिलीत."

"येडे आहेत की काय?"

"बोरिवलीचे आहेत," इयान म्हणाला.

शुक्रवारी दुपारी बेनेडिक्टने विळा दगडावर घासला. त्याच्या बापाचा विळा. मूठ इतकी झिजलेली की दुसऱ्याच्या हातात बसायची नाही. धार अंगठ्यावर लावून बघितली, पुन्हा घासला, धुतला, खोबरेल लावलं. ज्युलियाने माडाच्या पातीचा क्रूस विणला आणि झेंडूची लांब माळ केली. दोघांनी कोपऱ्यात चार काठ्या रोवल्या, त्यांना माळ गुंडाळली, मधे क्रूस बांधला. विळा तिथेच क्रूसाखाली मातीत उभा खोचला. दर वर्षी असंच करायचे. उद्या शेतात फिरणाऱ्याला लांबूनच दिसावं, हे देवाचं आहे, हात लावायचा नाही.

"डॅडी, इथे पाटी लावू का?" फ्रेडाने विचारलं. "भाताला हात लावू नका म्हणून?"

"माळ दिसत नाय का?"

"दिसते, पण..."

"मग? देवाच्या वस्तूवर पाटी लावायची? चर्चमध्ये लावलीय का कुठे, मेणबत्त्या खाऊ नका म्हणून?"

फ्रेडा हसली आणि गेली. तिने तेव्हा पाटी लावली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, पण सासऱ्याशी वाद घालायला तिला वेळ कुठे होता? सशांचा पिंजरा अजून यायचा होता.

शनिवारी नऊ वाजताच माणसं लोटली. जेट्टीवरून रिक्षा भरभरून येत होत्या. ऊन असं की झेंडूचा वास गरम होऊन नाकात चढत होता. बायका टोप्या घालून आल्या होत्या, पुरुष मोबाईल वर धरून चालत होते आणि पोरं मोकळी सुटली होती. एक पोरगी चिखल बघून रडली. तिला चिखलातून बाहेर काढलं तेव्हा त्याहून जास्त रडली. फुलं तोडणाऱ्यांपैकी निम्मे देठ न घेता नुसती मुंडी ओढत होते, उरलेले आख्खं झाड उपटत होते. बेनेडिक्ट या सरीतून त्या सरीत पळत होता. "ओ ताई, झाड नको, फूल! फूल घ्या!" ताई म्हणायच्या, "सॉरी हां अंकल," आणि झाड टोपलीत घालायच्या.

दहाच्या सुमाराला त्याचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. माळेसमोर एक कुटुंब उभं राहून फोटो काढत होतं. बाप भातात एक पाय घालून वाकला होता.

"ओ! बाहेर या! तिथे जायचं नाय!"

ते निघून गेले. बेनेडिक्टने विचार केला, माळ एकच आहे, लोकांच्या ध्यानात येत नसेल. त्याने झेंडूच्या दोन टोपल्या आणल्या आणि आणखी दोन माळा चढवल्या. दहा मिनिटांत तिथे चार कुटुंबं आली. त्याने त्यांना हाकललं आणि बांधाच्या कडेने पाकळ्यांची जाड रेघ ओढली, ही आता कोणी ओलांडणार नाही म्हणून. तर रांग लागली.

इयान धावत आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. "डॅडी, काय करताय? तुम्ही याचा सेल्फी पॉईंट करून टाकलाय!"

"मी फुलं लावतोय, लोकांनी लांब राहावं म्हणून!"

"लोक फुलं बघूनच येताहेत! तिकीट काढून फुलांनाच आलेत ते!"

बेनेडिक्टला हे पटेना. साठ वर्षं ज्या खुणेने माणूस थांबलेला बघितला, त्याच खुणेने माणूस ओढला जातो हे एका सकाळीत कसं पटावं? तो तिथेच कमरेवर हात ठेवून राखणीला उभा राहिला. लोकांनी त्याच्यासकट फोटो काढले. एकाने त्याला जरा डावीकडे सरकायला सांगितलं.

साडेअकराला एक म्हातारी बाई आली. सत्तरीची, काटक, नऊवारी नाही पण पाचवारीचाच काष्ट्यासारखा खोचा मारलेला. बरोबर सून आणि सात-आठ वर्षांची नात. नातीच्या टोपलीत फुलं होती, प्रत्येकाला बोटभर देठ. हे बेनेडिक्टने लगेच पाहिलं. बाईने फोटो काढला नाही. पायातल्या चपला बांधाखाली काढल्या, वाकली, एक लोंबी तळहातावर घेतली, एक दाणा नखाने सोलून दाताखाली धरला.

"दूध सुकला," ती म्हणाली. "कापणीक इलासा."

चार दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी शहाण्यासारखं बोललं होतं. बेनेडिक्टचा चेहरा सैल झाला. "इलाय ना! मी तेच म्हणतोय मंगळवारपासून. तुमचं गाव?"

"कुडाळच्या बाजूक. आता चारकोपाक ऱ्हवतो. ह्यांची गिरण बंद पडली तेव्हा लालबाग सुटला." बाईने माळांकडे, क्रूसाकडे, खाली खोचलेल्या विळ्याकडे बघितलं. "ह्यो कोपरो देवाचो?"

"हां. देवाचा."

बाईने हात जोडले. सुनेला, मानसीला, आणि नातीलाही हात जोडायला लावले. "प्रांजल, नमस्कार कर गो."

एवढ्यात झेंडूच्या पलीकडून आरडाओरडा झाला. झोपाळ्याची दोरी एका बाजूने सुटली होती. पोर कोणी पडलं नव्हतं, पण तीन आया एकदम बोलत होत्या आणि फ्रेडा त्यांच्यामध्ये एकटी होती. झोपाळा बेनेडिक्टनेच बांधलेला, तेव्हा जाणं भाग होतं. त्याने जाता जाता बाईकडे बघितलं. समजूतदार माणूस कोपऱ्याशी उभं आहे म्हणून तो निर्धास्त गेला.

दोरी बांधायला वीस मिनिटं लागली. दोन बोटं वाकत नाहीत, गाठ बसेना. एक बाई म्हणाली, "अंकल, सेफ्टीचं काही सर्टिफिकेट आहे का?" त्याने दोरी दातात धरून गाठ ओढली. पुढे ससा सुटला, त्यामागे अर्धा तास गेला. एक वाजता तो परत कोपऱ्यावर आला.

माळा जागेवर होत्या. क्रूस जागेवर होता. विळा धुऊन पुन्हा मातीत खोचलेला होता. आणि मधलं भात नव्हतं.

बेनेडिक्ट खाली बसला नाही, कोसळलाही नाही. तो बघत राहिला. ओरबाडलेलं नव्हतं. जमिनीपासून चार बोटांवर, सगळे बुडखे एका तिरक्या रेषेत, एकही काडी चिरडलेली नाही. बापानंतर इतकं स्वच्छ कापलेलं त्याने बघितलं नव्हतं. बुडख्यांच्या मध्ये दोन झेंडूची फुलं ठेवलेली आणि त्यांवर चिमूटभर हळद-कुंकू.

ज्याने कापलं त्याला कापता येत होतं. याचाच त्याला जास्त राग आला. अडाण्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळा झाला असता.

ज्युलिया आली, बघितलं, तोंडावर हात ठेवला. मग लगेच तिचं डोकं चालायला लागलं. "हे बघ, सहा गुंठे अजून उभंय. क्रूस चार हात पलीकडे घेऊ. फादर तिकडे कापतील. कोणाला कळतंय?"

"पहिली मूठ गेली, ज्युलिया."

"गेली ना? मग आता काय बोंब मारायचीय गावात? परत बादली आणतील!"

बादलीचं नाव निघालं आणि बेनेडिक्ट बाजूला सरकला. ज्युलियाने मोठी टोपली आणून बुडख्यांवर पालथी घातली. बरोबर त्याच वेळी पास्कू आला. उद्याच्या खुर्च्या कुठे मांडायच्या ते बघायला आला होता. झेंडूची वाट लागलेली बघून त्याला बरं वाटलेलं दिसत होतं.

"काय रे, भात तरी ठेवलंय का पब्लिकने? नायतर आतापासून सांग. वसईला फोन मारतो."

बेनेडिक्टची नजर टोपलीवर गेली.

"आहे ना," ज्युलिया म्हणाली. "हे काय समोर! क्रूस जरा सरकवायचाय, म्हणून टोपली ठेवलीय."

पास्कूने बेनेडिक्टकडे बघितलं. बेनेडिक्टने खाडीकडे बघितलं. पास्कू खुर्च्या मोजत गेला, आणि बेनेडिक्टला आपल्या बापाच्या बांधावर उभं राहायची लाज वाटली.

पाच वाजता माणसं ओसरली. शेत असं दिसत होतं की तिथून गुरांचा कळप गेला असावा. इयान फोन बघत बसला होता. लोकांचे संदेश येत होते: मस्त, झकास, पुढच्या वेळी पाण्याची सोय करा. एका फोटोवर तो थांबला.

"डॅडी, हे बघा."

एका घराचा दरवाजा. त्यावर दसऱ्याचं सुकलेलं तोरण आणि त्यात खोचलेल्या ताज्या, भरलेल्या लोंब्या. खाली मानसीने लिहिलं होतं: सासूबाईंनी कित्येक वर्षांनी स्वतः कापून नवं बांधलं. खूप खूप आभार.

"पत्ता आहे का?"

"नाव नोंदवताना घेतलाय. पण डॅडी, जाऊन करणार काय?"

"घेऊन येणार," बेनेडिक्ट म्हणाला. तोवर त्याने शर्टही बदलला होता.

दोघं लाँचने पलीकडे गेले. लाँचमध्ये जागा असूनही बेनेडिक्ट उभा राहिला. रिक्षातही तो पुढे वाकून बसला, जणू त्याने रेटलं तर ती लवकर पोचणार होती. चारकोपच्या सेक्टरात बैठ्या घरांची एक ओळ, भिंतीला भिंत, दारापुढे तुळशी आणि स्कूटर. गल्लीच्या तोंडाशीच तो थांबला.

पहिल्याच दारावर लोंब्या होत्या. चार-पाच काड्या, लाल दोऱ्याने बांधलेल्या. दुसऱ्या दारावर होत्या. तिसऱ्या दाराला कुलूप होतं, तरी कडीला होत्या. पुढेही होत्या. इयान मोजत होता. सात दारं. एका स्कूटरच्या आरशालाही दोन काड्या होत्या.

"आयला," इयान म्हणाला. "हिने आख्ख्या गल्लीला वाटलंय!"

बेनेडिक्टला आनंद झाला होता, आणि आनंद झाला म्हणून तो स्वतःवरच चिडला होता. त्याच्या गावात आगेऱ्याला लोक यायचे ते बँडला आणि जेवणाला. त्याच्या भाताची काडी दाराला लावावी असं कोणाला वाटलेलं त्याने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

सातव्या दारात ती म्हातारी, नलिनी तिचं नाव, तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून लगबगीने उठली. "अगो बाय! शेतवाले भाऊ! मानसी, चाय ठेव गो. बसा, बसा."

बेनेडिक्ट उभाच राहिला. रिक्षात बसून जुळवलेलं सगळं बोलणं विसरला. शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही ते कापायला नको होतं."

नलिनी सतरंजी घालता घालता थांबली. "म्हंजे?"

"उद्या आमचा सण. फादर येऊन पहिली पेंढी कापणार. तोवर कोणी विळा लावायचा नसतो. म्हणून तर माळ घातली होती. आमच्यात फुलं घातली की हात लावायचा नाय."

"आणि आमच्यात," नलिनी हळूच म्हणाली, "फुलां घातली म्हंजे ता देवाचा, नि देवाचा म्हंजे सगळ्यांचा. कोणी येवचा, हात जोडूचा, चार काड्यो घेवच्यो, दाराक बांधूच्यो. तुमी इळो धुवन ठेयलेलो. माका वाटला, येणाऱ्यासाठीच ठेयलासा." तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "चाळीस वर्सांनी हातान भात कापलंय, भाऊ. दर दसऱ्याक दादराच्या फुटपाथावरसून इकत घेतंय. आज वाटला, देवान बोलावल्यान. नि मी चोरी केलंय!"

तिने वळून तोरणाकडे हात नेला. बेनेडिक्ट पुढे झाला आणि त्याने तिचं मनगट धरलं. दोघांनाही त्याचं नवल वाटलं.

"नाय. बांधलेलं सोडायचं नाय. ते आमच्यातपण चालत नाय."

"मग उद्या तुमचा काय होतला?"

"बघू," तो म्हणाला.

चहा त्याने उभ्यानेच घेतला. जाताना गल्लीतल्या दारांवरून पुन्हा नजर फिरवली. लाँचवर इयानने विचारलं, "मग उद्या क्रूस सरकवायचा?" बेनेडिक्टने पाण्याकडे बघत मान हलवली. ती हो होती की नाही, ते इयानला कळलं नाही.

रविवारी सकाळी मिरवणूक आली. पुढे बँड, मागे लुगड्यातल्या बायका, मग फादर. फादर तरुण होते, नवीनच बदलून आलेले, चिखलात बूट भरू नयेत म्हणून पाय उचलून टाकत होते. ढग खाली आले होते. ज्युलियाने पहाटेच क्रूस आणि माळा चार हात पलीकडे नेल्या होत्या. जुन्या जागी पालथी टोपली होती. बेनेडिक्टने तिला अडवलं नव्हतं. इयान आणि फ्रेडा एकमेकांकडे बघत नव्हते.

फादरनी प्रार्थना म्हटली आणि विळ्यासाठी हात पुढे केला. बेनेडिक्टने विळा दिला नाही.

"फादर, पहिली मूठ गेली."

बँडवाला अजून वाजवत होता. कोणीतरी त्याला थांबवलं.

"काय बोलतो रे?" पास्कू पुढे आला.

"काल जत्रेत कापली गेली. तुम्ही आता कापाल ती दुसरी. काल तुला सांगायची हिंमत झाली नाय, पास्कू." तो बायकोकडे वळला. "ज्युलिया, टोपली उचल."

ज्युलियाने नवऱ्याकडे असं बघितलं की त्यात लग्नापासूनचं सगळं होतं. मग ती वाकली. सगळ्या गावासमोर, लुगडं सावरत, तिने टोपली उचलली. खाली स्वच्छ कापलेले बुडखे, सुकलेली दोन फुलं, कुंकू. मागून कोणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "हे काय, पूजा घातली होती की काय?"

"म्हणजे परत बादली!" पास्कू म्हणाला. "मी काल फोन मारणार होतो. हेच म्हणाले, आहे आहे."

बेनेडिक्टचे कान तापले. गेलं वर्षभर चिखल उपसला तो हे ऐकायला, असं त्याला वाटलं. पण छातीवरचं ओझं तेवढं उतरलं होतं.

"जरा वाट द्या हो. वाट द्या," बांधावरून आवाज आला.

नलिनी होती. मागे मानसी आणि चपला हातात घेतलेली प्रांजल. पहिल्या लाँचने आल्या असाव्यात. बाईचं पातळ गुडघ्यापर्यंत ओलं होतं. तिने बांधाखाली चपला काढल्या, पदराखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि उघडलं. लोंब्या होत्या, लाल दोऱ्याने नीट बांधलेली मूठ.

"हरएक दारातल्यो दोन-दोन काड्यो काढलंय," ती फक्त बेनेडिक्टला म्हणाली, जणू बाकी गाव तिथे नव्हतंच. "दारां मोकळी केलंय नाय. सगळ्यांकडे उरल्यो असत. तुमची पैली ही."

बेनेडिक्टने ती मूठ घेतली आणि फादरपुढे धरली. फादरनी हात पुढे केला, तसा पास्कू मध्ये आला.

"थांबा फादर. ह्याला हळद-कुंकू लागलंय. हे कसं चालेल?"

फादर थबकले. नवीन गाव, कोणाला दुखवायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. नलिनीने पदराचं टोक पुढे केलं, लोंब्या पुसून द्यायला.

"पुसू नको, बाय," ज्युलिया म्हणाली. टोपली अजून तिच्या हातात होती. ती पास्कूसमोर जाऊन उभी राहिली. "गेल्या वर्षी बादलीला रंग लागलेला, तो चालला ना? मग हे पण चालेल."

आधी फ्रेडा हसली, मग बायका हसल्या, मग सगळेच. पास्कू बाजूला झाला. ज्युलियाने बेनेडिक्टच्या हातातून लोंब्या घेतल्या, टोपली सुलटी केली आणि कुंकू लागलेली बाजू वर करून आत ठेवल्या. फादरनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मग त्यांनी बेनेडिक्टकडून विळा घेऊन दुसरी पेंढी कापली. विळा त्यांच्या हातात बसत नव्हता, काड्या चिरडल्या, पण कापली. बँड सुरू झाला आणि टोपली डोक्यावर घेऊन ज्युलिया पुढे निघाली.

मिरवणूक वळली तेव्हा खाडीकडून वारा आला. लोळलेलं भात सळसळलं. बेनेडिक्टने वर बघितलं. तासाभराचीही खात्री नव्हती. त्याने फादरनी टाकलेला विळा उचलला, पुसला आणि मूठ पुढे करून नलिनीसमोर धरला.

"पाऊस यायच्या आत जेवढं निघेल तेवढं काढायचंय. माझी बोटं वळत नाय. इयान कापेल तर अर्धं खाली सांडेल."

"डॅडी!" इयान म्हणाला.

"खरं तेच बोलतोय. ताई, तुम्हाला कापता येतं. काल बघितलंय मी."

नलिनीने त्या झिजलेल्या मुठीवर बोटं फिरवली आणि पकड बसवली. पदर कमरेला खोचून ती वाकली. पहिल्या चार मुठी सावकाश, मग हात सुटला. खर्र, खर्र, खर्र. मानसी काड्या गोळा करायला धावली, प्रांजल तिच्या मागे. इयानने बूट काढले, पँट वर केली आणि आत उतरला.

बेनेडिक्ट बघत होता. त्याने एकदा आभाळाकडे मान वर केली आणि मग केली नाही. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं की आपण बांधावर बसलो आहोत, पाय खाली सोडून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. पेंढ्या बांधायच्या होत्या. पण तो आणखी थोडा वेळ बसून राहिला.